पावणेनऊ हजार माणसांच्या वतीने

सोऱ्यात पीठ भरून झालं होतं, तेल तापलं होतं, आणि फोन वाजला. 2024 चा ऑक्टोबर संपत आलेला, दिवाळी चार दिवसांवर. अनोळखी नंबर मी एरवीही उचलत नाही, आणि त्या महिन्यात तर अख्ख्या पेनसिल्वेनियात कुणी उचलत असेल असं वाटत नाही. पण नंबरची सुरुवात 610 ने, म्हणजे फोन इथलाच; लेकीच्या दाताच्या डॉक्टरांकडून निरोप यायचा होता. पिठाचा हात वर धरून करंगळीने स्पीकर लावला.

पलीकडे कोवळा आवाज. आधी माझ्या आडनावाचा चेंदामेंदा, मग माफी, मग पुन्हा चेंदामेंदा. निवडणुकीची पाहणी आहे, काही विकायचं नाही, दहा-बारा मिनिटं द्याल का? मी हो का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पोरगा दमलेला वाटला. दिवसभर लोकांनी तोंडावर फोन आपटले असणार.

देश बऱ्या वाटेने चाललाय की वाईट? मतदानाला नक्की जाणार, बहुतेक जाणार, की सांगता येत नाही? मग तो प्रश्न आला. निवडणूक आजच असती, तर मत कुणाला दिलं असतं?

माझं ऑगस्टमध्येच ठरलं होतं. नवऱ्याशी त्यावरून दोन वेळा वाजलंही होतं. तरी तोंडातून निघालं, "अजून ठरलं नाही." पोरगा चिवट होता. थोडासा तरी कल कुणाकडे? "छे, अजिबात नाही." कढईतल्या चार चकल्या तेवढ्यात करपल्या.

फोन ठेवल्यावर मला हसू आलं, कारण हे उत्तर माझं नव्हतंच. ते आमच्या अण्णांचं होतं.

अण्णा तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक. निवडणूक आली की अंगणात एकापाठोपाठ एक मंडळी यायची. टोपी काढून, हात जोडून, "गुरुजी, लक्ष असू द्या." अण्णा उठून दारापर्यंत जायचे आणि म्हणायचे, "तुमचंच हो!" तासाभराने दुसरा पक्ष, त्यांनाही "तुमचंच." संध्याकाळी तिसरा. आई आतून म्हणायची, एका मताचे किती वाटे करताय? अण्णा त्याला खोटं समजत नसत. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, आणि मत तर कुणाला सांगायचं नाही. दोन्ही पाळायचं तर एवढीच वाट उरते. त्यांनी शेवटपर्यंत कुणाला मत दिलं ते आईलाही माहीत नव्हतं.

आता राहते बेथलेहेमला. लीहाय नदीच्या काठचं हे गाव एकेकाळी पोलादावर जगायचं. गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथल्या कंपनीने पुरवलं. 1995 मध्ये इथल्या भट्ट्या विझल्या. त्यांचे गंजलेले बुरूज अजून उभे आहेत, पायथ्याशी उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम होतात, शेजारी कॅसिनो आहे. आमची नॉर्थॅम्प्टन काउंटी 2008 आणि 2012 ला ओबामांकडे, 2016 ला ट्रम्प यांच्याकडे, 2020 ला बायडेन यांच्याकडे, 2024 ला पुन्हा ट्रम्प यांच्याकडे. पाचही वेळा जिंकणाऱ्याच्या बाजूला. त्यामुळे दर चार वर्षांनी आमच्या गावाला अचानक भाव येतो. रस्त्याच्या कडेच्या जेवणघरात अंडी खात बसलेल्या माणसासमोर कुठल्यातरी वाहिनीचा कॅमेरा येऊन उभा राहतो.

अध्यक्ष इथे देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही, हे एव्हाना मराठी वाचकालाही पाठ झालंय. राज्याराज्यांतून मिळून 538 निर्वाचक, त्यांतले 270 ज्याचे, तो अध्यक्ष. चाळीसेक राज्यांचं आधीच ठरलेलं असतं. 2024 मध्ये उरली होती सात: पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. त्यांत सगळ्यात जड आम्ही, 19 निर्वाचकांचे. म्हणून सगळे फोन आमच्याकडे.

त्या रात्री चकल्यांचा डबा भरताना मी हिशेब मांडला. पेनसिल्वेनियात मत देतात सत्तर लाखांच्या आसपास माणसं. अशा चाचणीत साधारण आठशे जणांशी बोलतात. सत्तर लाख भागिले आठशे, आले 8,750. म्हणजे मी जे काही बोलले ते पावणेनऊ हजार माणसांच्या वतीने बोलले. एका 'छे, अजिबात नाही'सरशी एवढी माणसं मी कुंपणावर नेऊन बसवली. तासगावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला, मागच्या पेठेला आणि आठवड्याच्या बाजाराला पुरून उरतील इतकी.

बरं, हा भागाकारही बाळबोध. प्रत्येक उत्तराचं वजन सारखं नसतंच. आठशे जणांत म्हाताऱ्या, शिकलेल्या, निवांत बायका जास्त आल्या आणि पंचविशीची पोरं कमी, तर बायकांचं वजन उतरवायचं आणि पोरांचं चढवायचं. 2016 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या चाचणीत इलिनॉयमधला 19 वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तशा वयाचे, तशा वर्णाचे फारच थोडे हाती लागलेले, म्हणून त्याचं वजन सरासरीच्या तीसपट झालेलं. तो ट्रम्प यांच्या बाजूचा. तीन हजारांच्या त्या देशव्यापी चाचणीत तो एकटा पोरगा ज्या आठवड्यात उत्तर द्यायचा, त्या आठवड्यात आकडे हलायचे. त्याला हे कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल? मला पावणेनऊ हजारांनीच घाम फुटला होता.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. ती परीक्षा खरी ठरते, कारण शीत नाही म्हणू शकत नाही. बोटात धरलं की चिरडून घेतं बिचारं. इथे शितालाच विचारायचं असतं, येतोस का. प्यू या संस्थेच्या फोनवरच्या पाहण्यांत 1997 मध्ये शंभरांतली 36 माणसं बोलायची. 2012 पर्यंत ती 9 झाली आणि 2018 मध्ये 6. आता तर शंभर नंबर फिरवावे तेव्हा एखाद-दुसरा शेवटपर्यंत टिकतो. मग प्रश्न असा की हा एखाद-दुसरा उरलेल्या अठ्ठ्याण्णवांसारखा असतो का? बाकी सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती घातलेलं कुंपण आहे, असं माझं मत झालंय.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. भट्टीवर तीस वर्षं काढलेले, कॉलेजची पायरी न चढलेले. माझ्या अंगणातलं बर्फ स्वतः होऊन उपसून देतात. फोनवरच्या पाहणीला मात्र त्यांनी जन्मात उत्तर दिलेलं नाही. "मत द्यायला मी त्यांच्या दारी जातो, ते मागायला माझ्या दारी कशाला येतात?" असं एकदा म्हणाले. 2016 ची गोष्ट ही बरीचशी या आजोबांची गोष्ट आहे. विस्कॉन्सिनमधल्या मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत हिलरी क्लिंटन 6 टक्क्यांनी पुढे होत्या. अध्यक्षपदाच्या मुख्य लढतीत त्या प्रचाराला त्या राज्यात गेल्याही नाहीत. ट्रम्प तिथे 23 हजारांच्या आत मतांनी जिंकले, मिशिगनमध्ये 11 हजारांच्या आत, आमच्याकडे 44 हजारांनी. तिन्ही राज्यं मिळून 78 हजारांच्याही आत. देशभरच्या चाचण्या तशा फार चुकल्या नव्हत्या. क्लिंटन यांना देशात मतं जास्तच पडली. घोळ राज्यांच्या चाचण्यांत होता. कॉलेज शिकलेली माणसं फोनवर जास्त बोलतात, आणि त्या वर्षी शिक्षणावरून मत फाटलं होतं. अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी वय पाहिलं, वर्ण पाहिला, बाई की पुरुष पाहिलं. शिक्षणाचं वजन लावलंच नाही. आजोबांच्या वाट्याचं मी बोलून गेले, असं झालं. शेवटच्या आठवड्यात ठरवणारेही बरेच एका बाजूला कलले, तो भाग वेगळा.

बरं, चूक कळली, शिक्षणाचं वजन लावलं, आणि 2020 मध्ये अंदाज आणखी चुकले! विस्कॉन्सिनमध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसीच्या एका चाचणीने ऑक्टोबरअखेर बायडेन यांना 17 टक्क्यांची आघाडी दिली होती. ते जिंकले, पण एक टक्क्याहूनही कमी फरकाने. चाचणीवाल्यांच्या व्यावसायिक संघटनेने नंतर समिती नेमली. देशव्यापी चाचण्यांतली चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक, असं तिने स्वतःच लिहिलं, आणि कारण मात्र खात्रीने सांगता येत नाही असंही लिहिलं. मला त्या अहवालातली ही कबुली फार आवडली. जे बोललेच नाहीत ते कसे होते, हे बोललेल्यांना विचारून कळणार कसं?

गर्दी गोळा केली म्हणून हे सुटत नाही. 1936 मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी पत्रं पाठवली होती. 23 लाखांच्या आसपास परत आली. त्यांवरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन निवडून येणार म्हणून छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्या वापरल्या म्हणून फसले, असं शाळेत शिकवतात. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की तेवढंच कारण नव्हतं. रूझवेल्टवर चिडलेल्यांनी पत्रं आवर्जून परत पाठवली, बाकीच्यांनी ती कोपऱ्यात टाकली. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं.

अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी जनगणनेची आठवण काढली असती. 1981 च्या जनगणनेला त्यांच्याकडे वाड्या-वस्त्यांचा भाग होता. मी आठ-नऊ वर्षांची, गेरूचं डबडं धरून मागे मागे. अण्णा चौकटीवर आकडा लिहायचे, आणि घरातली माणसं आधी पाणी, मग गूळ, मग माहिती द्यायची. लेकरं किती, जगली किती, गेली किती, कोण कुठे कामाला. एका आजीने तिची न जगलेली चार लेकरं एकेका नावानिशी सांगितली. तक्त्यात नावाला जागा नव्हती. अण्णा तरी ऐकत बसले. एकही दार बंद नव्हतं. कायदा पाठीशी होता हे खरं, पण त्या आजीला कायदा कुठला माहीत? गुरुजी आलेत, एवढंच. तीच माणसं मताचं विचारलं की "तुमचंच" म्हणायची. माणूस लेकरांची संख्या खरी सांगतो आणि मत खोटं सांगतो, हे तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं असावं.

माहिती हाती आल्यावरही काम संपत नाही. 2016 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या नेट कोन यांनी एक गमतीदार प्रयोग केला. सिएना कॉलेजबरोबर फ्लोरिडात 867 जणांची चाचणी घेतली होती. तीच उत्तरं, तीच माणसं, जशीच्या तशी चार नावाजलेल्या चाचणीवाल्यांच्या हाती दिली: तुम्ही निष्कर्ष काढा. एकाने सांगितलं क्लिंटन 4 टक्क्यांनी पुढे, दुसऱ्याने 3, तिसऱ्याने 1, चौथ्याच्या हिशेबात ट्रम्पच 1 टक्क्याने पुढे. टाइम्सचा स्वतःचा हिशेब क्लिंटन 1. माणूस एकही बदलला नव्हता, शब्द एकही बदलला नव्हता! कोण खरोखर मतदानाला जाईल, याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा. कुणाला किती वजन द्यायचं, याची रीत वेगळी. एका भाजणीच्या पाच घरी पाच चवीच्या चकल्या होतात, हे मला पटतं. पण चकलीच्या डब्यावर कुणी अधिक-उणे साडेतीन टक्के असं लिहीत नाही.

ते अधिक-उणेही आम्ही धड वाचत नाही. आठशे माणसांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला साडेतीन टक्के इकडे-तिकडे. दोघांमधल्या अंतराला मग जवळजवळ दुप्पट, म्हणजे सात. आणि यात फक्त नशिबाने होणारी चूक धरलेली. फोन न उचलणाऱ्या आजोबांची नाही, खोटं बोलणाऱ्या माझी तर नाहीच. त्या दिवसांत सांगलीहून दादाचा फोन दर दोन दिवसांनी. "अगं, इथे टीव्हीवर दाखवतायत, हॅरिस एका टक्क्याने पुढे. तुझ्याकडेच सगळं अडकलंय म्हणे. कोण येणार?" मी म्हटलं, दादा, एक टक्का म्हणजे काहीच नाही रे. तो म्हणाला, "काहीच नाही तर मग दाखवतात कशाला?" याला उत्तर नव्हतं. त्याच्याकडे 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. जूनमध्ये एक्झिट पोलवाल्यांनी बहुतेक ठिकाणी साडेतीनशेच्या पुढे नेलेली एनडीए 293 वर थांबलेली त्याने पाहिली होती, सांगलीत तर अपक्ष निवडून आलेला. तरी अमेरिकेतल्या चाचणीवर त्याचा विश्वास. परदेशी माल ना!

शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे एक विचित्र शांतता पसरली. सगळ्या चाचण्या एकसारख्या. न्यूयॉर्क टाइम्स-सिएनाच्या शेवटच्या चाचणीत पेनसिल्वेनिया 48 विरुद्ध 48. दुसरीकडे हॅरिस 1 ने पुढे, तिसरीकडे 1 ने मागे. लढत खरोखर बरोबरीची असली तरी आठशे-आठशे माणसं वेचताना कधीतरी केवळ योगायोगाने एकाला 5 ची आघाडी दिसायला हवी, कधी दुसऱ्याला. नाणं शंभरदा उडवून दर वेळी पन्नास-पन्नास आलं, तर नाण्यापेक्षा उडवणाऱ्याकडे बघावं. निवडणुकीचे अंदाज मांडणारे नेट सिल्व्हर यांनी हे तेव्हाच बोलून दाखवलं: चाचणीवाले कळप करून चालतायत. वेगळा आकडा आला की खणात ठेवायचा, किंवा वजनं अशी लावायची की तो मुकाट्याने रांगेत येईल. वजनाचा एक नवा खिळाही होता. 2020 मध्ये मत कुणाला दिलं होतं ते विचारायचं, आणि ती उत्तरं तेव्हाच्या खऱ्या निकालाशी जुळवून घ्यायची. त्या पोराने मलाही ते विचारलं होतं, आणि तिथे मी खरं सांगितलं होतं! आता माझ्या त्या खऱ्याने माझं हे खोटं किती सावरलं असेल, ते त्याच्या संगणकालाच ठाऊक.

कळपाबाहेर एकच बाई उभी राहिली. आयोवा राज्यातल्या चाचणीवाल्या ॲन सेल्झर. आयोवा त्या सातांत नव्हतं, पण या बाईंचा दबदबा असा की त्यांचा आकडा येईपर्यंत माणसं जागी राहत. 2016 आणि 2020 मध्ये बाकीचे फसले तेव्हा त्यांचे शेवटचे आकडे बरोबर निघाले होते. 2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं: आयोवात हॅरिस 3 टक्क्यांनी पुढे. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. सोळा टक्क्यांची चूक! बाईंची किती थट्टा झाली म्हणून सांगू. मला मात्र खणात आकडे लपवणाऱ्यांपेक्षा त्या मोठ्या वाटतात. जे हाती आलं ते मांडलं, आणि चौकात उभं राहून चुकल्या.

कळप मात्र तसा बचावला. पेनसिल्वेनियात ट्रम्प पावणेदोन टक्क्यांच्या आत फरकाने जिंकले, म्हणजे 48-48 म्हणणारे फार दूर नव्हते. पण सातही राज्यं त्यांनाच गेली. सात ठिकाणी बरोबरी असेल तर तीन इकडे, चार तिकडे, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, कारण फोन न उचलणारे आजोबा सातही राज्यांत एकाच स्वभावाचे असतात. चूक एकीकडे झाली की सगळीकडे त्याच अंगाला झुकते, एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.

निकालानंतर मी त्या महिन्यातल्या एका चाचणीचा सविस्तर तक्ता उघडून बसले. माझी चाचणी हीच का, ते माहीत नव्हतं; कुणासाठी फोन आहे ते त्या पोराने सुरुवातीला सांगितलं असेलही, पण माझं लक्ष तेलाकडे होतं. रकाने होते: गोरे, काळे, हिस्पॅनिक. आणि शेवटी 'इतर'. बेथलेहेममधले आम्ही चार मराठी घरांचे लोक, ॲलनटाउनचे गुजराती, ईस्टनचा व्हिएतनामी किराणावाला, सगळे त्या एका रकान्यात दाटीवाटीने. 'ठरलं नाही' असंही तिथे कुणीतरी म्हटलं होतं.

मतदानाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ते खोटं मनाला लागून राहिलं होतंच. 5 नोव्हेंबरला सकाळी मत देऊन बाहेर आले, तर पायऱ्यांपासून जरा लांब एक मुलगी उभी, हातात पाटी, पाटीवर छापील कागद, शेजारी घडी घालून टाकायला पेटी. एक्झिट पोल. माझा चेहरा उजळला असणार. लिहून द्यायचं, नाव नाही, तोंडाने सांगायचं नाही. अण्णांनाही चाललं असतं. पावणेनऊ हजार माणसं कुंपणावरून खाली उतरवायची संधी. मी चाल मंद केली, मुद्दाम तिच्या समोरून गेले. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. माझ्या पुढे चाललेल्या, टोपी घातलेल्या माणसाला तिने थांबवलं. त्याने मान हलवली आणि तो आपल्या ट्रककडे निघून गेला. तिने कागदावर काहीतरी टिपलं. नकार देणाऱ्याचं अंदाजे वय, वर्ण, बाई की पुरुष, एवढं टिपून ठेवतात.

मी म्हटलं, मी भरू का? वेळ आहे मला.

ती हसली. चांगली हसली. "माफ करा, तसं घेता येत नाही. तुमचा नंबर नाही आला." आणि माझ्याकडे बघून तिचे ओठ पुन्हा हलले. एक.